ओव्हरक्लॉकिंगसाठी बजेटमधला मदरबोर्ड: काय बघायचं, काय सोडायचं

माझ्या पहिल्या रायझनसाठी, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरसाठी, मी ए५२० चा बोर्ड घेतला होता. दुकानदार म्हणाला, "बी५५० घ्या नाहीतर हा घ्या, सॉकेट एकच आहे. प्रोसेसर बसणार म्हणजे बसणार." बसला. विंडोजही चालू झाली. रात्री अकरा वाजता बायोस (बोर्डाचं स्वतःचं सेटिंगांचं पान) उघडून मी मल्टिप्लायरचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या आकड्याचा, रकाना शोधायला लागलो. तीनदा सगळे मेनू पालथे घातले, पुस्तिका उलटसुलट वाचली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रकाना लपलेला नव्हता, तो नव्हताच. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायची, सोय एएमडीनं दिलेलीच नाही. बोर्ड घेताना वाचवलेले पैसे पुढे तो विकून बी५५० घेताना गेले, वर आणखी थोडे गेले ते वेगळंच.

पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाणाऱ्यांनी तेवढं तरी टाळावं. उदाहरणाला एकच जोडी घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही: रायझन ५ ७६०० आणि त्याच्यासाठी एएम५ सॉकेटचा बोर्ड. सहा कोअर, ६५ वॉटचा वर्ग, मल्टिप्लायर मोकळा, खोक्यात कूलर. नवख्यासाठी याहून सोपं काही नाही.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. फुकटात दीडपट! ते दिवस गेले. ७६०० चा कंपनीनं दिलेला बूस्ट, म्हणजे सगळ्यात वरचा वेग, ५.१ गिगाहर्ट्झ आहे. त्यात बायोसमधून आणखी २०० मेगाहर्ट्झची मुभा मिळते, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. खरा फायदा सगळे कोअर एकदम राबतात तेव्हाचा वेग, मेमरी आणि तापमान या तीन ठिकाणी असतो. त्यामुळे बोर्डावर प्रोसेसरपेक्षा जास्त पैसे घालायचा विचार मनात आला, तर ते पैसे सरळ वरच्या प्रोसेसरवर घाला.

पहिली पायरी: चिपसेटचं नाव नीट वाचा

सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं, असं नाही. ओव्हरक्लॉक करता येईल की नाही हे चिपसेट ठरवतो, म्हणजे बोर्डावरची ए५२०, बी५५० अशा नावांची मुख्य चिप.

एएमडीच्या एएम४ या जुन्या सॉकेटमध्ये ए३२० आणि ए५२० बाद. बी३५०, बी४५०, बी५५० आणि एक्सनं सुरू होणारे सगळे चालतात. एएम५ मध्ये ए६२० बाद; त्यावर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. बी६५०, बी६५०ई, बी८५० आणि वरचे एक्सवाले चालतात. "बी म्हणजे मोकळा" हा नियम लोकांच्या तोंडी बसलाय, पण त्याला आता एक अपवाद आहे: बी८४०. नाव बी८५० च्या शेजारचं, खोकं तसंच, पण प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद. माझा ए५२० चा किस्सा आज कुणाच्या नशिबी यायचा असेल तर तो याच बोर्डावर येईल.

इंटेलकडे दोन कुलपं आहेत. प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्ड झेडवाला हवा, म्हणजे झेड६९०, झेड७९० किंवा नव्या कोअर अल्ट्रासाठी झेड८९०. बी७६० वर मेमरी वाढवता येते, कोअर नाहीत. २०२२ मध्ये बी६६० च्या काही मोजक्या बोर्डांवर वेगळा क्लॉक जनरेटर होता आणि त्यावर बिनकेवाले प्रोसेसरही पळवले गेले, पण ते बोर्ड स्वस्त नव्हते. बजेटमध्ये ओव्हरक्लॉक करायचंच असेल तर माझं मत सरळ एएमडीच्या बाजूनं आहे.

एक्स३डी, म्हणजे जास्तीची कॅश मेमरी चढवलेले प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी थोडंसं. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर बंद आहे, ९८००एक्स३डी चा मोकळा आहे. ७८००एक्स३डी वर कर्व्ह ऑप्टिमायझर चालतो, त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: प्रोसेसरची भूक किती?

खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, ते टीडीपी. सॉकेटमधून प्रत्यक्ष किती वीज ओढायची त्या मर्यादेला एएमडी पीपीटी म्हणते. एएम५ वर हिशेब सोपा आहे, टीडीपीला १.३५ नं गुणा. ६५ चे ८८ होतात, १०५ चे १४२, १७० चे २३०. आपला ७६०० ८८ वॉटवर थांबतो. मर्यादा उठवली तर त्याहून बरंच जास्त ओढतो, पण सहाच कोअर असल्यामुळे दोनशेच्या घरात काही जात नाही. तुलनेला इंटेलचा कोअर आय५ १४६००के बघा. कंपनीच्याच आकड्यानुसार तो टर्बोमध्ये १८१ वॉट घेतो, ओव्हरक्लॉक न करता.

स्वस्त बोर्ड चांगला की वाईट, याला म्हणून एकच उत्तर नाही. जो बोर्ड ७६०० ला आरामात पोसेल तोच १७० वॉटच्या ७९५०एक्सखाली भाजून निघेल. दोन वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवायचा विचार आहे का, हे आत्ताच ठरवा. असेल तर खालची पायरी दोनदा वाचा.

तिसरी पायरी: सॉकेटच्या भोवतीचं सामान

बोर्डातले पैसे खरे कुठे असतात? सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला, हीटसिंकच्या खाली. या भागाला व्हीआरएम म्हणतात.

एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवा असतो साधारण १.१ ते १.२ व्होल्ट. ८८ वॉट भागिले १.२ म्हणजे ७० अँपिअरच्या वर. तुमच्या घरातल्या गिझरचा जाड पिनचा प्लग १६ अँपिअरचा असतो. त्याच्या चौपटीहून जास्त करंट व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जागेतून जातोय, तोही सेकंदात लाखो वेळा चालूबंद होत. हे काम एकट्या भागाला झेपत नाही म्हणून ते वाटून दिलेलं असतं. प्रत्येक वाटेकरी म्हणजे एक फेज. बोर्डावर राखाडी-काळे चौकोनी ठोकळे रांगेत दिसतात, ते चोक. साधारणपणे एका फेजला एक चोक असतो, त्यामुळे फोटोवरूनही मोजता येतात.

जाहिरातीत "८+२+१" असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा कोअरसाठी, दुसरा प्रोसेसरमधल्या एसओसी भागासाठी (मेमरी कंट्रोलर वगैरे), तिसरा किरकोळ कामांसाठी. आपल्याला मतलब पहिल्या आकड्याशी. काही कंपन्या तिन्हींची बेरीज करून "११ फेज" छापतात. काही एकाच सिग्नलवर दोन-दोन चिपा जोडतात आणि दुप्पट आकडा सांगतात. ही फसवणूक नव्हे, करंट खरंच वाटला जातो आणि उष्णता पसरते. पण १४ हा आकडा वाचून १४ स्वतंत्र फेज आहेत असं समजू नका.

आता चिपा. चांगल्या बोर्डावर प्रत्येक चोकजवळ एकच चौकोनी चिप दिसते. ती डीआरएमओएस, म्हणजे वरचा स्विच, खालचा स्विच आणि त्यांना चालवणारा ड्रायव्हर एकाच पोटात. तिच्यावर ५०, ६० किंवा ८० अँपिअरचा आकडा सांगितलेला असतो. अगदी स्वस्त बोर्डावर प्रत्येक चोकमागे दोन-तीन सुट्या मॉसफेट, म्हणजे हेच स्विच वेगवेगळे, दिसतात. सुट्या मॉसफेट चालत नाहीत असं नाही, पण त्या जास्त तापतात. तापण्याचं गणितही वाईट आहे. वाहताना होणारा तोटा करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे करंट दुप्पट झाला की ती उष्णता चौपट. म्हणून सहा फेजऐवजी आठ असणं वाटतं त्याहून मोलाचं ठरतं, आणि म्हणूनच ६५ वॉटच्या प्रोसेसरला सोळा फेजचा बोर्ड घेणं म्हणजे डासाला तोफ.

७६०० ला माझा ठोकताळा असा: कोअरसाठी किमान सहा फेज, डीआरएमओएस, आणि त्यांच्यावर धातूचा हीटसिंक. पुढे आठ कोअरचा विचार असेल तर आठ फेज. एएसरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ हा बोर्ड बघा, ८+२+१ फेज, मेमरीचे दोनच स्लॉट, दिसायला अगदी ओकाबोका. हाच घ्या असं म्हणत नाही. पण स्वस्त बोर्डात पैसा योग्य जागी कसा जातो हे त्याच्या फोटोवरून कळतं.

हीटसिंक बघताना हातात घेतल्यासारखं बघा. ॲल्युमिनियमचा जाड तुकडा, त्यावर खाचा, मागून स्क्रूनं आवळलेला, असा हवा. पातळ पत्रा आणि त्यावर प्लॅस्टिकचं चकचकीत झाकण असेल तर ते झाकण उष्णता बाहेर टाकत नाही, उलट धरून ठेवतं. हीटसिंकच नसलेला बोर्ड यादीतून काढून टाका.

आता परदेशी रिव्ह्यूमध्ये कुणी नीट वाचत नाही ती गोष्ट. व्हीआरएमच्या तापमानाच्या चाचण्या बहुधा २१-२२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. जळगावात किंवा नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि पंख्याखालच्या खोलीत ३८-४०. रिव्ह्यूमध्ये ७५ अंश दाखवणारा बोर्ड तुमच्याकडे ९२-९३ वर जाणार. भाग लगेच जळत नाहीत, ते त्याहून जास्त सहन करायला बनवलेले असतात, पण वर्षानुवर्षं तसं राबवणं बरं नाही. रिव्ह्यूतला आकडा घ्या, त्यात अठरा मिळवा आणि बेरीज शंभरच्या खाली राहिली तरच पुढे चला. महाबळेश्वरला राहत असाल तर ही अट तुम्हाला माफ.

चौथी पायरी: छोट्या गोष्टी, ज्या नंतर रडवतात

प्रोसेसरचा वीज कनेक्टर पूर्ण आठ पिनांचा हवा. चारच पिनांचा बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नका.

मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम. कंपनीनुसार नाव बदलतं, असूसकडे बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइटकडे क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआयकडे फ्लॅश बायोस बटण. प्रोसेसर न बसवता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. बी६५० चा जुना साठा दुकानात पडून असतो आणि त्यावरचा बायोस ९००० मालिकेच्या प्रोसेसरला ओळखत नाही. अशा वेळी हे बटण नसेल तर ओळखीच्या कुणाकडून जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो.

मेमरीचे स्लॉट दोन की चार? ओव्हरक्लॉकिंगसाठी दोनही पुरतात. डीडीआर५ च्या चार पट्ट्या भरल्या की वेग खाली आणावा लागतो, हे बऱ्याच जणांना पट्ट्या घेऊन झाल्यावर कळतं. १६ जीबीच्या दोन पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्या, ६००० च्या वेगाच्या, लेटन्सी (पाकिटावर 'सीएल' लिहिलेला आकडा) ३० ची मिळाली तर तीच. एएम५ च्या मेमरी कंट्रोलरला हा वेग मानवतो.

सोडून द्यायच्या गोष्टी: बोर्डावरचे दिवे, ग्राफिक्सच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस ५, एसएसडीचे चार-चार एम.२ स्लॉट, आणि एक्सवाला चिपसेट. बी आणि एक्समध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या दृष्टीनं काही अंतर नाही, अंतर आहे ते पोर्टांच्या संख्येत. वायफाय हवं असेल तर घ्या, त्यात चूक नाही. पण त्याच किमतीत वायफायवाला कमी फेजचा आणि बिनवायफायचा जास्त फेजचा असे दोन बोर्ड समोर आले, तर दुसरा घ्या. वायफाय नंतर यूएसबीनं येतं. फेज येत नाहीत.

पाचवी पायरी: काउंटरवर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, खोकं उघडताना एक काम विसरू नका. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरवर नाही. एएम५ वर त्या १७१८ आहेत, केसासारख्या बारीक. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिना एका ओळीत चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. दुकानातच दाखवा आणि बदलून घ्या. घरी नेऊन परत आणलेली वाकडी पिन कुणीही कबूल करत नाही, आणि "फिजिकल डॅमेज" हे दोन शब्द कानावर पडले की वॉरंटी संपली. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा.

सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका. बोर्ड वॉरंटीत परत पाठवताना ते लागतं. माझ्याकडे ती झाकणं फ्रीजवरच्या डब्यात जपून ठेवलेली आहेत, घरच्यांना ती काय आहेत याचा पत्ता नाही.

पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय देतो, १८ टक्के वाचतील" हा सौदा मदरबोर्डाच्या बाबतीत करू नये. अंगठ्याच्या नखाएवढी चिप उडाली की तेच बिल शोधत बसाल.

जुना बोर्ड घेत असाल, म्हणजे एएम४ चा बी४५० किंवा बी५५०, तर तिथे पिना प्रोसेसरवर असतात, सॉकेटची काळजी कमी. त्याऐवजी चोकच्या आसपास बोर्डाचा रंग पिवळट-तपकिरी झालाय का ते बघा. तसा झाला असेल तर बोर्ड बराच भाजून निघालेला आहे.

सहावी पायरी: पहिली संध्याकाळ

सगळं जोडून बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. घाबरू नका. एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा मेमरीची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. इथेच नवखे लोक तिसऱ्या मिनिटाला वीज बंद करतात आणि ओळखपरेड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा टाका. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, तेवढं चहा उकळेपर्यंत तपासा.

पहिलं काम बायोस नवा करणं. हे नुसतं वेगासाठी नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले होते. एक्स्पो, म्हणजे मेमरीला तिच्या पाकिटावरचा वेग लावणारं सेटिंग, चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीला जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीनं एसओसीची मर्यादा १.३ व्होल्टवर आणली आणि ती नव्या बायोसमधून लागू झाली. जुन्या साठ्यातल्या बोर्डात जुनाच बायोस असू शकतो.

मग काहीही न बदलता सिनेबेंच (प्रोसेसरला राबवून गुण देणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा. शेजारी तापमान आणि वीज दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा आणि चार आकडे वहीत लिहा: गुण, प्रोसेसरचं तापमान, पॅकेजची वीज, व्हीआरएमचं तापमान. शेवटचा आकडा काही स्वस्त बोर्ड दाखवतच नाहीत. तसं असेल तर हीटसिंकवर बोट टेकवा. तीन सेकंद टेकवता येत नसेल तर कॅबिनेटचा पंखा त्या दिशेला वळवायची वेळ झाली.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी एक्स्पो चालू करा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसी १.३ च्या वर नाही ना ते बघा, आणि रात्रभर मेमरी तपासणारा मेमटेस्ट ८६ लावून झोपा. एकही चूक दिसली तर मेमरीचा वेग ५६०० वर आणा.

दुसऱ्या दिवशी पीबीओ, म्हणजे प्रोसेसरच्या विजेच्या मर्यादा वाढवणारं बायोसमधलं सेटिंग. मर्यादा 'मॅन्युअल' करा. आपल्या ७६०० ला मूळ आकडे पीपीटी ८८ वॉट, टीडीसी (सतत चालणारा करंट) ७५ अँपिअर, ईडीसी (क्षणभराचा जास्तीत जास्त करंट) १५० अँपिअर आहेत. १२०, १०० आणि १५० पासून सुरुवात करा. काही बोर्डांवर हे मिलिवॉट आणि मिलिअँपिअरमध्ये टाकावं लागतं, म्हणजे १२० ऐवजी १२००००. मी एकदा नुसतं १२० टाकून अर्धा तास "एवढा मंद का चालतोय" म्हणत डोकं खाजवत होतो. खोक्यातला छोटा कूलर एवढ्या विजेला पुरत नाही, प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो आणि स्वतःच वेग कमी करतो. एका पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. वॉटर कूलर लावलात तर सॉकेटजवळ वाराच राहत नाही आणि व्हीआरएम आणखी तापतं. बजेट बोर्डाला हवेचाच कूलर बरा.

शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर. सगळ्या कोअरना, निगेटिव्ह, १०. त्याच वेगाला थोडा कमी व्होल्टेज, त्यामुळे उष्णता कमी आणि बूस्ट जास्त वेळ टिकतो. जमलं तर १५, मग २०. इथे एक गंमत आहे. चुकीचं सेटिंग सिनेबेंचच्या जोरात तग धरतं आणि रात्री संगणक नुसता बसलेला असताना कोसळतं, कारण हलक्या कामात एकेक कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो. म्हणून कोअरसायकलरसारखा एकेका कोअरला तपासणारा प्रोग्राम लावा आणि सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका दिसतात का ते बघा. दिसल्या तर ज्या कोअरचं नाव आहे त्याचे पाच आकडे परत द्या. एवढं झाल्यावरच २०० मेगाहर्ट्झच्या मुभेला हात लावा.

बायोसनं उठायचंच नाकारलं तर आधी वीज काढा, मग बोर्डावरच्या क्लिअर सीएमओएसच्या (बायोसची सेटिंगं पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पाच-दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ ची बटणबॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. सगळी सेटिंगं पुसली जातात, बाकी काही बिघडत नाही. आणि एएमडीच्या अटींनुसार ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, पीबीओ आणि एक्स्पोही त्यात धरले जातात, हे माहीत असू द्या.

जमलेली सेटिंगं बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जपता येतात, पण बायोस नवा केला की बरेच बोर्ड ते प्रोफाइलही पुसून टाकतात. त्यामुळे बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि फोटो काढताना पडद्याचा उजेड थोडा कमी करा, नाहीतर आकडे पांढरेफटक येतात.